आधी पाणी काढा, मग वाफेची भाषा करा

मागच्या महिन्यात आपल्या इंदिरानगरात विहाराच्या हॉलमध्ये कवितावाचन झालं. एका पोरानं कविता वाचली. पोरगा चांगला आहे. चळवळीत राबतो, पोस्टरं चिकटवतो, जयंतीच्या वर्गणीचा पैशापैशाचा हिशोब देतो. त्याच्या कवितेत आपला संताप म्हणजे वाफ होती, वस्ती म्हणजे बॉयलर होता आणि शेवटच्या ओळीत तो बॉयलर फुटत होता. टाळ्या पडल्या. मी रात्रपाळी करून तसाच आलो होतो, मागच्या रांगेत बसलो होतो. माझ्याच्यानं टाळी वाजली नाही.

बाहेर चहाच्या गाडीवर त्यानं विचारलं, "काका, कविता पटली नाही का?"

मी म्हणालो, "पोरा, बॉयलर फुटला की मरतं कोण?"

तो नुसता बघत राहिला.

मरतो तो, जो बॉयलरपाशी उभा असतो. मालक तिथं नसतो. मॅनेजर काचेच्या केबिनमध्ये असतो. बॉयलरपाशी असतो ठेकेदाराचा हेल्पर. तो सकाळी सायकल काढून इंदिरानगरच्या बोगद्यातून हायवेच्या पलीकडं अंबडला जातो, आणि त्याच्या डब्यात भाकर आणि मिरचीचा ठेचा असतो. म्हणजे दोस्ता, तुझ्या कवितेत क्रांती होते तेव्हा आपल्यातलाच एक जण भाजून मरतो. लिहिताना तुझ्या हाताला चटका बसला नाही, कारण तू बॉयलर बघितलेला नाहीस. मी बघितलाय. उभं आयुष्य त्याच्यापाशी गेलं. म्हणून हे चार कागद खरडतोय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

पहिली गोष्ट. कारखान्यात बॉयलर रोज फुटत नाही. रोज मार खाते ती वाफेची लाइन. आणि लाइनला मारते ती वाफ नव्हे. मारतं पाणी.

हे नीट समजून घ्या. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि पाइपातून लांब लांब जाते, कुठं ड्रायरला, कुठं कढईला, कुठं रंगाच्या टाकीला. सात किलो दाबाची वाफ म्हणजे सुमारे १७० अंश. पाइप तिच्यापेक्षा थंड असतो. थंड लोखंडाला लागली की वाफ आपली उष्णता सोडते आणि पुन्हा पाणी होते. या पाण्याला कंडेन्सेट म्हणतात. ते पाइपाच्या तळाला साचतं आणि वरून वाफ धावत असते. तिचा वेग सेकंदाला २५ मीटर धरला तरी ताशी ९० किलोमीटर झाला. मुंबई-आग्रा रोडवरच्या ट्रकाचा वेग. पाणी थोडं असलं तर वाहत राहतं. जास्त झालं की वाफ त्याची लाट उठवते, लाटेचा बोळा होतो, पाइप भरून टाकतो आणि त्याच वेगानं पुढं जाऊन पहिल्या वळणावर, पहिल्या व्हॉल्व्हवर आदळतो. पाणी दबत नाही. मग दबतं कोण? वळण दबतं, फ्लँज दबतो, गॅस्केट फाटतं. लाइन अशी ठोकते की वाटतं आत कुणी घण घालतंय. इंजिनिअर लोक त्याला वॉटर हॅमर म्हणतात.

दुसरीही एक तऱ्हा आहे. वाफेचा बुडबुडा गार पाण्यात अडकतो. वाफ एका क्षणात पाणी होते. मोकळ्या हवेत वाफ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा घेते, सात किलो दाबाखाली दोनशे पटीच्या वर. एवढी जागा एका क्षणात रिकामी झाली की चारी बाजूंचं पाणी त्या खड्ड्यात धाव घेतं आणि एकमेकांवर आपटतं. तो आवाज ज्यानं जवळून ऐकलाय त्याला दिवाळीच्या फटाक्याचं कौतुक राहत नाही.

आता हिशोब करा. कागद घ्या, पेन घ्या. आपल्या पोरांना गणिताची भीती घातली गेलीय, ती आधी काढा. शंभर मिलिमीटरचा नेहमीचा वाफेचा पाइप मीटरला साधारण १६ किलो भरतो. शंभर मीटर लाइन म्हणजे १६०० किलो लोखंड. सुट्टीनंतर सकाळी ते ३० अंशावर असतं. त्याला १७० वर न्यायचंय, म्हणजे १४० अंश चढवायचंय. एक किलो लोखंडाला एक अंशाला ०.१२ किलोकॅलरी लागते. गुणाकार केला की जवळजवळ २७ हजार किलोकॅलरी. सात किलोवरची एक किलो वाफ पाणी होताना सुमारे ४९० देते. भागा. ५५ किलो पाणी. पंधरा लिटरच्या साडेतीन बादल्यांच्या वर. नुसती लाइन तापेपर्यंत एवढं पाणी पाइपाच्या पोटात होतं. पुढं दिवसभर जे होत राहतं ते वेगळं.

म्हणून लाइनला पुढच्या अंगानं उतार द्यावा लागतो, शंभराला एक तरी. म्हणून सरळ लाइनमध्येसुद्धा तीस ते पन्नास मीटरवर, आणि प्रत्येक खोलगट जागी, प्रत्येक चढावाच्या पायथ्याशी पाण्यासाठी खिसा ठेवावा लागतो. त्याच्याखाली ट्रॅप लागतो. ट्रॅप म्हणजे असा दरवाजा, जो पाण्याला बाहेर सोडतो आणि वाफेला अडवतो. कुठं चकतीचा असतो, कुठं उलट्या बादलीचा, कुठं आत तरंगणारा गोळा असतो. आणि थंड लाइन सुरू करताना ड्रेनचे कॉक आधी उघडून ठेवायचे आणि वाफ हळूहळू, दमादमानं सोडायची. ही घाईत करायची गोष्ट नाही.

एवढंच ज्ञान आहे. बाराखडीएवढं. पण ज्याचा हात त्या कॉकवर असतो त्याला ते कुणी सांगत नाही.

एका कारखान्यातली गोष्ट. नाव सांगत नाही. सुट्टीनंतरची सकाळ होती. ठेकेदारानं आदल्या आठवड्यात आणलेलं वीस-एकवीस वर्षांचं पोरगं. आपलंच. सुपरवायझर म्हणाला, माल अडलाय, व्हॉल्व्ह फिरव. पोरानं विचारलं, किती फिरवू? उत्तर आलं, "किती म्हणजे? पूर्ण फिरव. तुला काय पंचांग बघून मुहूर्त काढायचाय?" पोरानं पूर्ण फिरवला. खालचे ड्रेन बंद होते. ते उघडायचे असतात हे त्याला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो सांगायला आला नाही. लाइन दोनदा ठोकली. तिसऱ्यांदा फ्लँजचं गॅस्केट गेलं आणि पोराचे दोन्ही पाय मांडीपर्यंत भाजले.

चौकशी झाली. कागदावर लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा.' आणि ठेकेदाराच्या रजिस्टरात त्या पोराच्या नावापुढं काम काय लिहिलं होतं? 'साफसफाई.' म्हणजे वाफेच्या लाइनवर तो नव्हताच! कागदावर तो झाडू मारत होता. भाजला तो लाइनवर.

इथं माझं म्हणणं सुरू होतं. हात आपला आणि अक्कल दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे. ती पाइपात आपोआप साचलेली नाही. तिला इतिहास आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात जास्त मजुरी होती आणि त्या खात्याची दारं अस्पृश्यांना बंद होती. कारण काय? धोट्यात सूत ओवताना ते तोंडानं ओढावं लागे, आणि आपल्या ओठांचा धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागला तर त्याचा धर्म बुडत होता. यंत्र विलायतेचं, पण त्याला विटाळ आपल्या गावचा झाला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला.

मग मनमाड. आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं. फेब्रुवारी १९३८ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद तिथं भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेब तिथंच म्हणाले. हे आपण भिंतीभिंतीवर लिहितो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामाची जी मोजदाद केली ती कुणी वाचतं का? आपला माणूस रुळावरचा गँगमन म्हणून येतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तर घरकामाला वापरतो आणि अस्पृश्य घरात कसा घ्यायचा? वर्कशॉपात तो मेकॅनिक नाही, फोरमन नाही. तो हमाल आहे. ब्राह्मणशाही म्हणजे काय हे बाबासाहेबांनी हवेत सांगितलं नाही, कामाच्या पायऱ्या एक एक करून दाखवलं. आपण दोन शत्रूंची घोषणा घेतली आणि मेकॅनिक-फोरमनचा हिशोब सोडून दिला.

ते सगळं वाफेच्या इंजिनाच्या जमान्यातलं. इंजिन सुटताना ड्रायव्हर सिलिंडरचे कॉक उघडायचा. दोन्ही बाजूंनी पांढरे फवारे सुटायचे आणि फलाटावरची पोरं घाबरून मागं सरायची. लोकांना वाटायचं इंजिन श्वास टाकतंय. तो श्वास नव्हता. थंड सिलिंडरात साचलेलं पाणी बाहेर काढणं होतं. ते काढलं नाही तर दट्ट्या पाण्यावर आदळून सिलिंडरचं झाकण उडू शकतं. ही विद्या ज्याला होती तो ड्रायव्हर. ज्याला शिकू दिली नाही तो रुळावर हातोडा घेऊन.

आणि म्हणून १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं जे निवेदन सरकारला दिलं त्यात नुसत्या नोकऱ्या मागितल्या नाहीत. विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या पोरांना शिकाऊ म्हणून घ्या, असं मागितलं. या माणसाला माहीत होतं की यंत्राची किल्ली हातात आल्याशिवाय यंत्रापाशी उभं राहणं म्हणजे फक्त भाजून घेणं.

आता कुणी म्हणेल, हा म्हातारा मालकाची तळी उचलतोय. ट्रॅप नीट चालला तर मालकाचा कोळसा वाचेल, आपल्याला काय? मागच्या आठवड्यात एका कार्यकर्त्यानं मला हेच ऐकवलं. वर म्हणाला, "आपण व्यवस्था उलथायला निघालोय, तुम्ही तिचे नळ दुरुस्त करताय."

त्याला माझं उत्तर. होय, मालकाचा कोळसा वाचतो. वाफेतली पाचवा-चौथा हिस्सा उष्णता कंडेन्सेटमध्ये राहते. ते पाणी परत बॉयलरला नेलं आणि आत जाणारं पाणी सहा अंशांनी जास्त गरम झालं, की इंधनात साधारण एक टक्का बचत होते. मालकाला हे कळतं. ज्या पाण्याला काल गटार दाखवलं त्याच्यासाठी आज तो पाइप टाकतो, पंप बसवतो, टाकी बांधतो. काम करून थकलेल्या पाण्याची किंमत त्याला कळली. काम करून भाजलेल्या माणसाची कळली नाही. ती का कळत नाही? कारण पाण्याचा हिशोब मीटरवर येतो आणि आपल्या माणसाचा हिशोब रजिस्टरात 'साफसफाई' म्हणून येतो. तो हिशोब दुरुस्त करणं म्हणजे मालकाची चाकरी नव्हे.

आणि नळ दुरुस्त करण्याला हसू नका. न्यूयॉर्क शहराच्या रस्त्यांखालून वाफेच्या लाइनी जातात. १८ जुलै २००७ ला भर संध्याकाळी तिथं एक लाइन फुटली. पाइप १९२४ सालचा. गळती बुजवायला वापरलेल्या मसाल्याचे तुकडे ट्रॅपमध्ये जाऊन अडकले होते. वर धो धो पाऊस पडला, पाइप गार पडला, आत पाणी साचलं आणि त्या पाण्यानं रस्ता फोडला. उंच इमारतींच्या वर चिखल-वाफेचा खांब गेला. एक बाई मेली, कितीतरी लोक जखमी झाले. जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहरात हे झालं, ते तळहाताएवढ्या तुंबलेल्या ट्रॅपमुळं. आपल्याकडं लाइन ठोकली तर पेपरात ओळसुद्धा येत नाही.

कवीमंडळींना अजून एक सांगतो. तुम्ही लिहिता, पांढरी वाफ. खरी वाफ पांढरी नसते. ती दिसतच नाही. पांढरं दिसतं ते पाण्याचे थेंब. चिरलेल्या फ्लँजपाशी आधी काहीच दिसत नाही, नुसता शीऽऽ आवाज. पांढरं दिसतं ते पुढं. न दिसणाऱ्या जागी हात घातला की हात गेला. ड्रेन उघडतानाही तेच. सात किलोवरचं शंभर किलो पाणी बाहेर मोकळं झालं की त्यातलं तेराएक किलो तिथल्या तिथं पुन्हा वाफ होतं. म्हणून ड्रेनच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं. जे दिसत नाही ते जास्त भाजतं, हे जातीनं आपल्याला शिकवलंच आहे. कारखान्यातही तेच लक्षात ठेवा.

आता काय करायचं ते बोलतो. नुसती टीका करून मी घरी जाणार नाही.

कायदा सांगतो की बॉयलर प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात पाहिजे. १९२३ चा जुना कायदा गेला, २०२५ मध्ये नवा आला, तरी ही गोष्ट राहिलीच. बॉयलर अटेंडंटची परीक्षा असते, दुसऱ्या वर्गाची, पहिल्या वर्गाची. राज्याचं बाष्पके संचालनालय त्या खात्याचं काम बघतं. पण परीक्षेला बसायला बॉयलरवर काम केल्याचा दाखला लागतो. इथंच आपली पोरं अडकतात. दहा वर्षं बॉयलर हाऊसमध्ये राबलेला माणूस कागदावर दहा वर्षं झाडू मारत असतो. त्याला दाखला कोण देणार?

तेव्हा पहिली मागणी पगाराची नाही, रजिस्टराची. जो वाफेच्या लाइनवर काम करतो त्याच्या नावापुढं तेच काम लिहा. हजेरीकार्डावर लिहा, पगारपत्रकावर लिहा. मोर्चा काढायचा तर यासाठी काढा. युनियनवाल्यांना विचारा, तुमच्या मागणीपत्रकात हे कलम का नाही? आणि तुमच्या कारखान्यात तुम्ही स्वतः मोजा. ड्रेनच्या कॉकपाशी कोण उभं आहे आणि बॉयलरच्या प्रमाणपत्रावर कुणाचं नाव आहे. आडनावं लिहून काढा. मी आकडा सांगणार नाही. तुमचा आकडा तुम्हीच काढा, म्हणजे तो कुणी खोडू शकणार नाही.

दुसरं. विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास वाफेचा वर्ग घ्या. फळा आहे, खडू आहे, वस्तीत दोन-चार जुने फिटर आहेत. ट्रॅप तुंबलाय हे कसं ओळखायचं? लाइन गरम आणि ट्रॅप थंड, म्हणजे पाणी अडलंय. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. चकतीचा ट्रॅप थांबून थांबून टकटक करत असेल तर चालू, एकसारखी सूं-सूं असेल तर वाफ फुकट चाललीय. हे शिकायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पण हे आलं की सुपरवायझर "पूर्ण फिरव" म्हणाला तर पोरगं म्हणू शकतं, "साहेब, आधी ड्रेन उघडतो. लिहून देत असाल तर पूर्ण फिरवतो." ही एक ओळ त्या पोराला येत असती तर आज तो दोन पायांवर नीट चालला असता. माझ्या मते ती ओळ म्हणजे कविता.

मी त्या पोराला व्हॉल्व्ह शिकवू शकलो असतो. त्या आठवड्यात मी दुसऱ्या पाळीत होतो. समोर भेटलं होतं पोरगं गेटवर, जयभीम घातला, मीही घातला आणि घरी आलो. काय काम करतोस, एवढंही विचारलं नाही. कागदात ठेकेदाराचं नाव आलं नाही, सुपरवायझरचं आलं नाही. माझंही आलं नाही. पण मला माझं नाव माहीत आहे.

आपल्या पाथर्डी फाट्याच्या वर त्रिरश्मीच्या लेण्या आहेत. आपण तिथं बुद्धपौर्णिमेला जातो, फोटो काढतो. दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. लेणं करवलं आणि पाण्याच्या पोढी करवल्या, असं त्यात कोरलंय. डोंगरावरून येणारं पाणी कुठून उतरेल, कुठं साचेल, त्याला कुठं जागा द्यायची, हे ज्याला कळत होतं त्यानं त्या पोढी खोदल्या. त्या लेखात दान देणाऱ्याचं नाव आहे. छिन्नी धरणाऱ्याचं नाही. एकोणीसशे वर्षं झाली, रजिस्टर अजून तसंच लिहिलं जातंय.

ते आता आपण लिहायचं. त्यासाठी लिहिता यायला पाहिजे आणि काय लिहायचं तेही कळायला पाहिजे. शिका म्हणजे फक्त बी.ए. व्हा असं नाही. ज्या लोखंडापाशी तुम्हाला उभं केलंय ते लोखंड शिका.

कविता लिहिणाऱ्या त्या पोरानं परवा मला विचारलं, "काका, ट्रॅप बघायला मिळेल का?" मी भंगारवाल्याकडून एक जुना आणून ठेवलाय. चकतीचा आहे, गंजलाय, पण उघडतो. रविवारी विहारात घेऊन येतोय. त्याला म्हटलं, "वही आण. पण कवितेची नको, गणिताची आण."

ज्याला यायचं त्यानं यावं.

जयभीम.